थंड घरांतील बीअर आणि तिची ऊब

उत्तर इंग्लंडांतील एखाद्या जुन्या दगडी घरांत, जानेवारी महिन्याच्या थंडींत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत घट्ट झांकणाची एक मोठी बादली ठेवलेली असते. तींत पांच गॅलन, म्हणजे सुमारें २३ लिटर, घरगुती बीअर आंबत असते. झांकणावर पाणी भरलेली एक लहानशी वाकडी नळी बसविलेली असते. आंतला वायु तींतून बाहेर पडतो, पण बाहेरची हवा आंत शिरत नाहीं. पहिल्या रात्रीं त्या नळींत बुडबुडे येऊं लागतात. दुसऱ्या दिवशीं त्यांचा आवाज शेजारच्या खोलींत ऐकूं जातो. चौथ्या दिवशीं सकाळीं मात्र सर्व सामसूम झालेलें असतें. काम पुरें झालें असें समजून घरधनी आणखी कांहीं दिवस थांबतो, बीअर बाटल्यांत भरतो आणि बाटल्या जिन्याखालच्या कपाटांत ठेवून देतो. पुढें एप्रिल-मे महिन्यांत ऊन तापूं लागतें, घर उबदार होतें, आणि एके रात्रीं त्या कपाटांत एकामागून एक बाटल्या फुटूं लागतात. कांचेचे तुकडे चहूंकडे उडतात. नेमक्या त्याच वेळीं कोणी कपाट उघडलें असतें तर त्याच्या डोळ्यांवरच बेतलें असतें.

या अपघाताचें कारण पुष्कळदां बाटलीच्या कांचेंत सांपडत नाहीं आणि साखरेच्या मापांतहि सांपडत नाहीं. तें जानेवारीच्या त्या चौथ्या दिवशीं घडून गेलेलें असतें. बीअर पूर्ण आंबण्यापूर्वींच थंडीनें थांबलेली असते. थांबणें आणि संपणें या दोन गोष्टी बाहेरून अगदीं सारख्या दिसतात, आणि त्यांतील भेद ओळखणें हेंच थंड घरांत बीअर करणाऱ्याचें मुख्य शास्त्र आहे.

घरीं बीअर करण्याची चाल इंग्लंडांत फार जुनी. विल्यम कॉबेट यानें १८२१-२२ सालीं ‘कॉटेज इकॉनमी’ हा ग्रंथ लिहिला, त्यांत मजुरांच्या घरांतून नाहींशी होत चाललेली ही कला पुन्हां जिवंत व्हावी असा त्याचा आग्रह होता. १८८० सालीं ग्लॅडस्टन यानें माल्टवरील कर उठवून तो बीअरवर बसविला, आणि तेव्हांपासून घरीं बीअर करावयाची तर सरकारी परवाना घ्यावा असा नियम झाला. तो नियम १९६३ सालीं अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनीं रद्द केला. त्यानंतर स्वतःच्या घरापुरती, विक्रीसाठीं नव्हे, अशी बीअर करण्यास तेथें परवाना लागत नाहीं. अमेरिकेंतहि १९७८ सालच्या संघराज्याच्या कायद्यानें अशीच मोकळीक मिळाली. महाराष्ट्रांत मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्याखेरीज अशी पेयें तयार करणें हा गुन्हा आहे. तेव्हां पुढील विवेचन जेथें ही गोष्ट कायद्यास धरून आहे तेथील घरांपुरतें समजावयाचें. आंबणाऱ्या पदार्थाची ऊब कशी राखावी हा त्यांतला प्रश्न मात्र थंडीच्या दिवसांत दही लावणाऱ्या प्रत्येक घराच्या ओळखीचा आहे.

बीअर होते ती सातूपासून. सातू भिजवून, त्यास मोड आणून, भट्टींत वाळविला म्हणजे त्याचें माल्ट होतें. भरडलेलें माल्ट सुमारें ६५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेविलें कीं त्यांतील पिष्टाची साखर बनते. हा गोड अर्क हॉप नांवाच्या वेलीच्या कडवट फुलांसह उकळतात, निववतात आणि मग त्यांत किण्व, म्हणजे यीस्ट, घालतात. इतका खटाटोप ज्यांस नको ते दाट माल्टचा तयार डबा आणून तो पाण्यांत कालवितात. पण अर्क कसाहि केलेला असो, किण्व घातल्यानंतरचें काम दोहोंकडे एकच. तें काम माणूस करीत नाहीं, किण्व करतें. माणसानें फक्त त्याची बडदास्त ठेवावयाची.

किण्व हा सजीव आहे ही गोष्ट १८३७ सालाच्या सुमारास फ्रान्समध्यें कान्यार द ला तूर यानें व जर्मनींत थिओडोर श्वान यानें सूक्ष्मदर्शकांतून पाहून सांगितली. पुढें लुई पाश्चर यानें १८७६ सालीं बीअरवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. या एकपेशीय सजीवाला साखर मिळाली म्हणजे तो तिचें मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायु यांत रूपांतर करतो, आणि या रूपांतरांत उष्णता बाहेर पडते. इंग्लंडांत ‘एल’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या बीअरचें किण्व साधारणतः १८ ते २२ अंशांत आनंदानें काम करतें. उष्णतामान तेरा-चौदा अंशांवर उतरलें कीं त्यांतील पुष्कळ जाती सुस्तावतात. त्यांच्या पेशी एकमेकींस चिकटून गोळा होतात आणि तळाशीं जाऊन बसतात. वरचा द्रव नितळ दिसूं लागतो. अननुभवी माणूस या नितळपणालाच पूर्णत्वाची खूण समजतो. परंतु थंडीनें किण्व मेलेलें नसतें. तें केवळ झोपीं गेलेलें असतें. उन्हाळ्याच्या चाहुलीनें बंद बाटलींत तें पुन्हां जागें होतें आणि राहिलेली साखर खाऊं लागतें. जानेवारींतली चूक मे महिन्यांत स्फोट घडविते ती अशी.

मग घर तापवावें काय? पुष्कळांचा पहिला विचार हाच असतो. सबंध खोली रात्रंदिवस वीस अंशांवर ठेवावयाची म्हणजे इंधनाचा खर्च मोठा. बीअरला तेवढ्याची गरजहि नसते. कारण ती स्वतःच एक लहानशी शेगडी आहे. या शेगडीचें माप काढतां येतें. उष्णता मोजण्याच्या मापास ज्याचें नांव दिलें गेलें तो जेम्स जूल हा सॅल्फर्ड येथील एका बीअरवाल्याचाच मुलगा होता, हा योगायोग येथें आठवावा. एक किलो साखर आंबली म्हणजे सुमारें ५९० किलोजूल उष्णता निघते. मध्यम कसाच्या २३ लिटर बीअरमध्यें सुमारें दीड किलो साखर आंबते. म्हणजे जवळजवळ ९०० किलोजूल उष्णता मिळते. २३ लिटर पाणी एका अंशानें तापविण्यास सुमारें ९६ किलोजूल लागतात. तेव्हां यांतील कणभरहि उष्णता वाया गेली नाहीं, तर बीअर आपण होऊन नऊ अंशांनीं तापेल.

पण ही उष्णता एकदम मिळत नाहीं. ती तीन-एक दिवसांत हळूहळू निघते. हिशेब केला तर ती सरासरी साडेतीन वॅट भरते, म्हणजे देवघरांत रात्रभर लावून ठेवलेल्या विजेच्या बारीक दिव्याइतकी. उघडी बादली भोवतालच्या हवेहून एका अंशानें अधिक उबदार असली, तर तेवढ्यानेंच ती तीन ते चार वॅट उष्णता गमावून बसते. याचा अर्थ असा कीं, बारा अंशांच्या खोलींत उघडी ठेवलेली बादली सरासरीनें तेरा-साडेतेरा अंशांच्या पलीकडे स्वतःस राखूं शकत नाहीं. अगदीं जोरांत आंबत असतांना फार तर आणखी एखाद-दुसरा अंश. त्याच बादलीस खालून, वरून आणि सर्व बाजूंनीं दोन इंच जाडीचें चांगलें पांघरूण घातलें, तर दर अंशामागें होणारा तोटा अर्ध्या वॅटवर येतो. मग तेच साडेतीन वॅट तिला खोलीपेक्षां सात अंशांनीं वर ठेवतात. म्हणजे बाराच्या खोलींत एकोणीस अंश! हा हिशेब ढोबळ आहे. पांघरुणाच्या जातीप्रमाणें व फटींप्रमाणें त्यांत फरक पडणारच. तथापि त्याचें तात्पर्य पक्कें आहे. शेकोटी बादलीच्या आंतच आहे. ती बाहेर पळून जाणार नाहीं एवढें पाहिलें म्हणजे पुरे.

पांघरुणाचें तत्त्व मराठी गृहिणीस नव्यानें शिकवावयास नको. पौष महिन्यांत विरजलेल्या दुधाचें पातेलें ती धान्याच्या डब्यांत पुरून ठेवते किंवा जुन्या शालींत गुंडाळते. विलायतेंत राहावयास गेलेल्या मराठी कुटुंबांस पहिल्याच हिवाळ्यांत हा उपाय पुन्हां आठवतो, कारण तेथें उघड्यावरचें दूध रात्रभरांत विरजत नाहीं. परंतु दही आणि बीअर यांत एक भेद आहे. दह्याला लागणारी ऊब कोमट दुधाबरोबरच द्यावी लागते. विरजण स्वतः फारशी उष्णता निर्माण करीत नाहीं. किण्व ती करतें. म्हणून बीअरच्या पांघरुणाचा उपयोग दह्याच्या पांघरुणाहून किती तरी अधिक काळ टिकतो.

पांघरूण कसलेंहि चालतें. जुनी दुलई, लोकरी घोंगडी, प्रवासांत थंड झोंपेसाठीं वापरतात ती कापूस भरलेली थैली, ज्यांत नवीं यंत्रें बांधून येतात त्या पांढऱ्या हलक्या थर्मोकोलच्या पाट्या — घरांत असेल तें घ्यावें. तीन गोष्टी मात्र विसरूं नयेत. पहिली अशी कीं, बादली फरशीवर ठेवूं नये. दगडी फरशी खालून उष्णता ओढून घेते. खालीं लांकडी फळी आणि तिच्यावर थर्मोकोलची पाटी ठेवावी. दुसरी अशी कीं, पांघरूण कोरडें असावें. फेंस वर येऊन तें भिजलें तर त्याचा गुण जातो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पांघरूण ऊब निर्माण करीत नाहीं, असलेली राखतें. थंडगार अर्कांत किण्व घालून वर कितीहि दुलया घातल्या तरी आंतील थंडीच राखली जाईल. म्हणून अर्क अठरा-एकोणीस अंशांवर असतांनाच किण्व घालावें आणि लगेच बादली गुंडाळावी.

अशा रीतीनें गुंडाळलेल्या बादलीचे पहिले तीन दिवस निर्धास्त जातात. खरी कसोटी पुढें आहे, आणि नेमकें तेथेंच पुष्कळांचें लक्ष ढळतें. साखर संपत आली कीं किण्वाची शेगडी मंदावते. या वेळीं बीअरला उबेची गरज पहिल्याइतकीच असते, परंतु ती आपण होऊन निर्माण करण्याची तिची शक्ति उरलेली नसते. उघडी बादली आपली अधिक ऊब पांच-सहा तासांत निम्म्यावर आणते. एका रात्रींत ती थंड होते. गुंडाळलेल्या बादलीस तेवढेंच थंड व्हावयास दीड दिवसाहून अधिक काळ लागतो. हा मिळालेला अवधि मोलाचा असला तरी पुरेसा नाहीं. कारण शेवटची थोडी साखर खाण्यास किण्वाला आणखी चार-सहा दिवस लागतात. शिवाय आंबण्याच्या ओघांत लोण्यासारखा वास व चव देणारें डायअसेटिल नांवाचें द्रव्य तयार झालेलें असतें. तेंहि किण्वच शेवटच्या दिवसांत परत शोषून घेतें, पण उष्णतामान पुरेसें असेल तरच. तात्पर्य, आरंभींची ऊब किण्व स्वतः आणतें. शेवटची ऊब माणसानें पुरवावी लागते. घरांतून मात्र याच्या नेमकें उलट घडतें. पहिल्या दिवशीं उत्साहानें शेगडीजवळ ठेवलेली बादली पांचव्या दिवशीं वाटेंत येते म्हणून मागच्या थंड पडवींत नेऊन ठेवतात.

ही शेवटची ऊब पुरविण्याचा अगदीं साधा मार्ग म्हणजे गरम पाण्याची बाटली. दोन लिटर पाणी साठ अंशांवरून वीस अंशांवर येईपर्यंत सुमारें ३३० किलोजूल उष्णता देतें. बारा अंशांच्या खोलींत नीट गुंडाळलेल्या बादलीला एकोणीस अंशांवर ठेवण्यास दिवसाला ३०० किलोजूलच्या आसपास पुरतात. म्हणजे रोज रात्रीं निजण्यापूर्वीं एक बाटली भरून पांघरुणाच्या आंत, बादलीला लागून ठेवली कीं काम भागतें. थंडी कडक असली तर सकाळीं दुसरी ठेवावी. यास ना यंत्र लागतें, ना तार. फक्त नेम चुकूं नये.

ज्यांस यंत्रच हवें त्यांच्यासाठीं आणखी दोन उपाय आहेत. बादली एका मोठ्या टबांत ठेवून टबांत पाणी भरावें आणि त्यांत शोभेच्या माशांच्या पेटींत वापरतात तो, उष्णतामान आपोआप राखणारा, विजेचा तापक सोडावा. पाण्याचा मोठा सांठा असल्यामुळें उष्णतामान सहसा हेलकावे खात नाहीं. हा तापक चालू असतां पाण्याबाहेर काढूं नये. दुसरा उपाय म्हणजे बादलीभोवती गुंडाळावयाचा विजेचा पट्टा. असे पट्टे साधारणतः पंचवीस वॅटच्या आसपास असतात. उघड्या बादलीवर असा पट्टा उष्णतामान सात-एक अंशांनीं वाढवितो, आणि तें योग्यच आहे. पण त्यावर कोणी दुलई गुंडाळली तर वर सांगितलेल्या हिशेबानेंच पाहावें: एका दिवसांत बीअर अठरा अंशांनीं तापते, आणि त्यांत किण्वाची स्वतःची उष्णता निराळीच. बाराची खोली आणि आंत तीस अंशांची बीअर! म्हणून पट्टा आणि पांघरूण हीं दोन्हीं एकत्र वापरावयाचीं तर मध्यें उष्णतानियंत्रक असलाच पाहिजे, आणि त्याची कांडी बादलीच्या अंगाला, पांघरुणाच्या आंत, घट्ट चिकटविलेली असावी. तसेंच कपडे-बिछान्यांत दाबलेली विजेची तार ही आगीलाहि आमंत्रण देते, याचा विसर पडूं नये.

इंग्रजी घरांत जुन्या काळापासून एक तयार जागा असे. गरम पाण्याच्या टाकीभोवती बांधलेलें कपाट, ज्यांत धुतलेले कपडे वाळवीत, तेंच बीअर करणाऱ्यांचेंहि आवडतें ठिकाण होतें. नव्या पद्धतीच्या बंबांना टाकी लागत नाहीं, त्यामुळें पुष्कळ घरांतून हें कपाट नाहींसें झालें आहे. जेथें तें आहे तेथेंहि दोन सावधगिऱ्या पाळाव्यात. टाकी तापली कीं तेथील उष्णतामान पंचविसाच्या वर सहज जातें आणि रात्रीं पुन्हां उतरतें. म्हणून बादली टाकीस लागून ठेवूं नये. शिवाय एवढ्या बीअरमधून साडेतीनशें लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. लहान बंद कपाटांत तो सांचूं नये म्हणून दाराला फट ठेवावी.

फार उष्णतेचा दोषहि थंडीइतकाच वाईट आहे, फक्त त्याचा काळ वेगळा. पहिल्या तीन दिवसांत बीअर पंचवीस अंशांच्या वर गेली तर किण्व भराभर वाढतें आणि जड जातीचे मद्यार्क व इतर उग्र द्रव्यें निर्माण करतें. त्यांचा वास रंग पातळ करण्याच्या तेलाची आठवण करून देतो आणि पुढें महिने गेले तरी तो पुरता जात नाहीं. उलट शेवटच्या दिवसांत एक-दोन अंश अधिक झाले तर बाधत नाहींत. झाला तर फायदाच होतो. यावरून अनुभवी लोकांचा नियम असा कीं, अठराला आरंभ करावा, मधल्या काळांत एकोणीस-वीसवर राहूं द्यावें, शेवटीं एकवीसपर्यंत चढूं द्यावें, आणि काम पुरें होईपर्यंत उष्णतामान खालीं येऊं देऊं नये. दिवसाचा चढ आणि रात्रीचा उतार हा थंड घराचा स्वभाव आहे. त्यापासून बादलीला अलग ठेवणें हेंच पांघरुणाचें खरें काम.

हें सर्व मोजावयाचें कसें? इंग्लंडांत बीअर करण्याच्या धंद्यांत उष्णतामापकाचा उपयोग अठराव्या शतकांत सुरू झाला. मायकेल कोम्ब्रून यानें १७६२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचा जोरानें पुरस्कार केला. आज तो स्वस्त वस्तु झाला आहे, पण लोक तो भिंतीवर टांगतात. भिंतीवरचा मापक खोलीची हकीकत सांगतो, बीअरची नव्हे. तो बादलीच्या अंगाला लावून त्यावर कापडाची घडी बांधावी. सकाळ-संध्याकाळ दोन आंकडे वहींत टिपून ठेवावे.

नळींतील बुडबुड्यांवर तर मुळींच विसंबूं नये. झांकण किंचित् सैल असलें कीं बीअर जोरांत आंबत असूनहि बुडबुडा दिसत नाहीं; आणि सकाळच्या उन्हानें बादली तापली कीं काम संपलेलें असूनहि बुडबुडे येतात. रात्रीं ती थंड झाली कीं आंतील हवा आकसते आणि नळींतील पाणी उलट आंत ओढलें जातें. भरंवसा ठेवावयाचा तो घनतामापकावर, म्हणजे हायड्रोमीटरवर. पाण्याची घनता १.००० मानली तर मध्यम कसाचा गोड अर्क १.०४० च्या आसपास असतो, आणि साखर संपली म्हणजे तो १.०१० च्या आसपास येतो. तीन दिवस आंकडा हलला नाहीं कीं बीअर झाली, असा सर्वत्र सांगितला जाणारा नियम आहे. थंड घरांत या नियमाला एक पुरवणी जोडावी लागते. बारा अंशांवर तीन दिवस स्थिर राहिलेला आंकडा कांहींच सिद्ध करीत नाहीं, कारण झोपलेलें किण्वहि आंकडा हलवीत नाहीं. बीअर वीस अंशांवर असतांना तीन दिवस आंकडा स्थिर राहिला, तरच ती पूर्ण झाली असें मानावें.

हा नियम न पाळल्यास काय होतें याचाहि हिशेब आहे. बाटलींतील बीअरला फेंस यावा म्हणून बाटल्या भरतांना दर लिटरला सहा-सात ग्रॅम साखर मुद्दाम घालतात. बीअर १.०१० ऐवजीं १.०१४ वर थांबलेली असेल, तर त्या चार अंकांच्या फरकांत दर लिटरमागें आठ ग्रॅमांच्या आसपास साखर लपलेली असते. म्हणजे बाटलींत दुपटीहून अधिक साखर जाते, आणि वायूहि दुपटीहून अधिक निर्माण होतो. ही गोष्ट बादलींत असतांनाच ध्यानांत आली तर उपाय सोपा आहे. बादली वीस-एकवीस अंशांवर आणावी, स्वच्छ पळीनें तळाचा गाळ हलकेंच वर उठवावा. हवा मिसळेल असें घुसळूं नये. पुष्कळदां दोन दिवसांत काम पुन्हां सुरू होतें. न झालें तर ताजें, जागें केलेलें किण्व घालावें. बाटल्या भरून झाल्यावर शंका आली तर त्या ताबडतोब थंड जागीं न्याव्या, हातमोजे व चष्मा घालून, अंगावर जाड टॉवेल टाकून एकेक हाताळावी आणि थंड असतांनाच टोपण हळूहळू सैल करावें. बीअर वाया गेली तरी हरकत नाहीं.

घर फारच थंड असेल तर त्याच्याशीं झगडण्यापेक्षां त्याच्या स्वभावाचें किण्व निवडणें हाहि एक शहाणपणाचा मार्ग आहे, आणि या बाबतींत युरोपांतील दोन प्रांतांनीं दोन उलट उत्तरें दिलीं आहेत. जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत १५५३ सालीं ड्यूक पांचवा आल्ब्रेख्त यानें बीअर फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या थंडीच्या काळांतच करावी असा हुकूम काढला, कारण उन्हाळ्यांतली बीअर नासत असे. अशा थंडींतल्या कामांतून आठ ते तेरा अंशांतहि न झोपणारें किण्व पुढें आलें. ‘लागर’ जातीची बीअर ती हीच. १८८३ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत एमिल हॅन्सन यानें या किण्वाची एकाच पेशीपासून शुद्ध जोपासना केली. हें किण्व संकरज आहे हें पूर्वींच कळलें होतें. त्याच्या एका पालकाचा ठाव मात्र २०११ सालीं दक्षिण अमेरिकेंतील पॅटागोनियाच्या बीच वृक्षांच्या अरण्यांत लागला. थंडी सोसण्याचा गुण त्याच्याकडून आलेला आहे. बारा अंशांची खोली अशा किण्वाला घरच्यासारखी वाटते. त्यालाहि शेवटीं दोन-चार अंश अधिक ऊब द्यावी लागते आणि नंतर कांहीं आठवडे थंडींत ठेवावें लागतें, एवढाच काय तो खर्च.

नॉर्वेच्या पश्चिम भागांतील शेतकऱ्यांनीं याच्या अगदीं उलट वाट धरली. व्हॉस व त्याच्या आसपासच्या खोऱ्यांत पिढ्यान्पिढ्या घरीं राखलेलें किण्व असतें. त्यास तेथें ‘क्वाइक’ म्हणतात. तें लांकडी कड्यांच्या माळेवर किंवा कापडावर वाळवून पुढच्या खेपेसाठीं ठेवीत. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत हा किण्वांचा एक वेगळाच गट असल्याचें दिसून आलें. हें किण्व तीस ते चाळीस अंशांच्या ऊन अर्कांत घालतात, पिंप घोंगड्यांनीं गुंडाळतात, आणि दोन-तीन दिवसांत काम आटोपतें. इतक्या उष्णतेंतहि त्यांत उग्र वास येत नाहीं. बाहेर बर्फ पडत असतांना हें कसें साधतें, याचें उत्तर वरील हिशेबांतच आहे. काम भराभर होत असल्यामुळें तीच उष्णता थोड्या वेळांत निघते, शेगडी दुप्पट प्रखर होते, आणि पिंप निवण्यापूर्वींच साखर संपून जाते. रात्रीची थंडी पांघरुणाच्या आंत पोंचेपर्यंत तेथें बिघडविण्यासारखें कांहीं उरलेलेंच नसतें.

आरंभीं सांगितलेल्या घरांत लागरचें किण्व नव्हतें आणि क्वाइकहि नव्हतें. साधें एलचें किण्व होतें, आणि तें पुरेसें होतें. बादलीखालीं एक फळी, भोवतीं एक जुनी दुलई, चौथ्या दिवसापासून आठवडाभर रोज रात्रीं गरम पाण्याची एक बाटली, आणि बाटल्या भरण्यापूर्वीं वीस अंशांवर तीन दिवस सारखा आलेला एक आंकडा, एवढें झालें असतें तर त्या घरांतील जिन्याखालचें कपाट मे महिन्यांतहि शांत राहिलें असतें.